चढावरचा श्वास

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. प्रार्थनेला बसते तेव्हासुद्धा याला वळसा घालून पुढे जाते — जसं काही देवाला ठाऊकच नाही. मग तुम्हाला का सांगते? तुमचं तोंड मला बघावं लागणार नाही, म्हणून असेल.

मी चौथीपर्यंत शिकले. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी मिशनचा दवाखाना होता, तिथे आया म्हणून जन्म काढला. नवरा गेला तेव्हा मुलाने इकडे आणलं, वेल्समध्ये, कार्डिफला. मुलगा सुहास आणि सून प्रीती, दोघंही इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स. त्यांच्या शिफ्ट उलटसुलट. नातीला, रियाला, शाळेत सोडायला-आणायला घरात माणूस हवं होतं. ते माणूस मी. दोन हजार दोन सालची गोष्ट.

गोष्ट एका बाईची आहे. म्हणजे — गोष्ट माझीच आहे. पण तिच्यापासून सुरुवात केली की मला जरा सोपं जातं.

तिचं नाव कोरा. आमच्याच रांगेत चार घरं सोडून राहायची. अमेरिकन. नव्वदीला टेकलेली. एका सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना पडली आणि मी तिला उचललं. माणूस कसं उचलायचं ते दवाखान्यात शिकलेलं, हात आपोआप जातात. तिला खुर्चीत बसवलं, चहा केला, तिच्या कपाटातून साखर शोधून काढली. दुसऱ्या दिवशी बघायला गेले. मग रोजच जायला लागले. रियाला शाळेत सोडायचं आणि तिकडे. प्रीती म्हणायची, "आई, तिथे कौन्सिलची केअरर येते ना, तुम्ही कशाला राबता?" मी म्हणायचे, राबत नाही, बसते.

माझं इंग्रजी दवाखान्यातलं. उठा, बसा, तोंड उघडा, दुखतं का, घाबरू नका. दोन म्हाताऱ्यांचं तेवढ्यावर भागतं. कोरा म्हणायची, "तुझ्याशी बोललं की मला ॲडमिट झाल्यासारखं वाटतं." माझं नाव शेवंता. ते तिला जमेना, म्हणून शेवा म्हणायची. मी तिला कोराबाई म्हणायचे, पण इथे 'ती'च म्हणते. इंग्रजीत कुठे अहो-जाहो असतं?

ती चर्चसाठी चाली बांधायची. जन्मभर तेच केलं. बापाचं गुरांच्या खाद्याचं दुकान, आई गावच्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. आई आजारी पडली की ही वाजवायची, पाय पुरत नसताना. तिथून जी सुरुवात झाली ती थांबली नाही. ईस्टरसाठी, सुगीच्या रविवारासाठी, बाप्तिस्म्यासाठी, लहान मुलांच्या कॉयरसाठी. सुरुवातीला छापणाऱ्यांनी बाईचं नाव नको म्हणून नुसती आद्याक्षरं घातली. मग कुठल्याशा गावाहून कौतुकाचं पत्र आलं, वर लिहिलेलं — महाशय. हे सांगताना ती इतकी हसायची की तिचे दात सरकायचे. पुढे उशिरा लग्न झालं, तिकडे प्रवचनांना आलेल्या एका वेल्श पाळकाशी. त्याच्याबरोबर इथे आली. त्याच्या चॅपलमध्ये बायकांचा कॉयर उभा केला, ऑर्गन वाजवला. नवरा गेला. मग हळूहळू माणसंही गेली. मी आले त्याच्या आधीच्या वर्षी चॅपल बंद झालं. आता तिथे फ्लॅट झालेत, खिडक्या मात्र तशाच ठेवल्यात.

शेवटच्या उपासनेला तिथे सगळी जुनी वेल्श गीतं म्हटली. हिचं एकही नाही. मी विचारलं, तुम्ही सांगितलं नाही का? ती म्हणाली, "अशी गोष्ट मागायची नसते, शेवा."

तिला हवं तरी काय होतं? नाव नको होतं. पैसे तर नकोच. तिने केलेल्या चालींचे जुने कागद तिने कपाटाच्या खणांत अंथरले होते, त्यावर तिचे मोजे असायचे. तिला एवढंच हवं होतं, की कुठेतरी, कुठल्यातरी अनोळखी माणसांनी तिची एखादी चाल म्हणावी. ती कुणी केली हे ठाऊक नसताना म्हणावी. "नाव गळून पडलं आणि चाल राहिली, की समजायचं काम झालं," म्हणायची. "माझं उलटं झालं. नाव राहिलंय, दाराच्या घंटीवर."

हे ती एकदा नाही बोलली. पुन्हा पुन्हा बोलली. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

आता आईचं सांगते.

माझी आई, येसाबाई. त्याच दवाखान्यात फरशी पुसायची, पिकदाण्या धुवायची. आम्ही ख्रिस्ती, गावातली बरीचशी घरं ख्रिस्ती, पण म्हणून सगळ्या सवयी जातात असं नाही. देवळात — आम्ही चर्चला देऊळच म्हणतो — चटईवर बसताना काही बाया आईपासून जरा सरकून बसायच्या. कुणी काही बोलायचं नाही. सरकायच्या फक्त.

दवाखान्याची मुख्य नर्स अमेरिकन होती. मेबल बाई. तरणीताठी, उंच, उन्हाने लाल झालेली. मराठी बोलायच्या, आणि आईला 'येसाबाई' म्हणायच्या — बाकी सगळे 'ए येसे'. मी सहा-सात वर्षांची असताना मेबल बाई विषमज्वराने गेल्या. त्यांना घरी पाठवणार कुठे, समुद्रापलीकडे? आमच्याच कबरस्तानात पुरायचं ठरलं. कबरस्तान दवाखान्यामागच्या टेकाडावर. चढ वाईट आहे, मुरमाचा, पाय घसरतो.

पेटी उचलली आणि आई गायला लागली. मी तिचा पदर धरून चालत होते, मला आठवतं. "तू पुढे जा गं बाई, आम्ही मागून येतो." असं गाणं आधी कुणी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर बाया मागून म्हणायला लागल्या. तिसऱ्या ओळीत चढ एकदम उभा होतो, बाभळीपाशी, तिथे सगळ्यांचा दम संपला. गाणं थांबलं. सगळ्यांनी एक मोठा श्वास घेतला, पेटीवाल्यांनी खांदा बदलला, आणि मग ओळ पुढे गेली.

त्या दिवसापासून आमच्या गावात कुणीही गेलं की हेच गाणं. आणि तिसऱ्या ओळीत तिथेच थांबायचं. देवळात सपाट फरशीवर बसून म्हटलं तरी थांबायचं. पोरंसोरंही थांबतात, कुणी शिकवावं लागत नाही. आमच्यात ते असंच आहे.

लोकांनी आईला विचारलं, हे कुठून आणलंस? आई म्हणाली, मला चालता चालता सुचलं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत तिचं नाव घेतलं. नंतर चटईवर बाया सरकल्या नाहीत. सरकल्या — तिला पुढे जागा करून द्यायला. मरेपर्यंत आई पहिल्या रांगेत बसली. गाण्याला अजून 'येसाबाईचं गाणं' म्हणतात.

आईजवळ दुसरं काय होतं? काही नाही. आई गेली तेव्हा मला तिची दोन लुगडी मिळाली आणि हे.

लांबवतेय ना मी? लांबवतेय.

इथे आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी कोराच्या पुढच्या खोलीत उशांचे अभ्रे इस्त्री करत होते. ती पियानोवर बसली होती. बोटं वाकडी झालेली, पण रोज थोडा वेळ बसायची, कधी हे, कधी ते. मी लक्ष देत नसायचे. इस्त्री गरम होती. आणि मी गुणगुणत होते. मी काय गुणगुणते हे माझ्या लक्षातच आलं नाही, इतकं ते तोंडातलं. दुसरी ओळ झाली. तिसरी आली, मी नेहमीच्या जागी थांबले, श्वास घेतला — आणि पियानो पुढे गेला.

तेव्हा कळलं. ती जे वाजवत होती तेच मी म्हणत होते.

इस्त्री मी उभी करून ठेवली, एवढं आठवतं. नाहीतर अभ्रा जळला असता.

तिनेही वाजवायचं थांबवलं. वळायला तिला वेळ लागायचा, सगळं अंग वळवावं लागायचं. वळली आणि म्हणाली, "तू हे कुठे ऐकलंस?"

मी म्हटलं, आत्ता, तुमच्या मागोमाग.

"मग तिथे का थांबलीस?"

आणि मी म्हटलं, "दमा आहे मला. श्वास लागतो."

मला दमा नाही. कधीच नव्हता.

हे खोटं तोंडातून कसं आलं? विचार करून आलं नाही. कुणी घरात शिरताना दिसलं की आपण दार लोटतो, तसं आलं. मला तेव्हा पुरतं कळलंही नव्हतं. एवढंच वाटलं, की हे माझ्या आईचं, ते हिच्या हातात कसं?

ती हसली. पुन्हा पियानोकडे वळली. तिसरी ओळ वाजवली आणि माझ्या जागी थांबली. मग पुढची. पुन्हा एकदा तसंच. मग म्हणाली की इतकी वर्षं ही ओळ तिला टोचत होती, दाटीवाटीची वाटायची, आणि हिला नुसता श्वास हवा होता. "तुझ्या दम्याचे आभार," म्हणाली.

आणि मग तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

लहानपणापासूनची एक मैत्रीण होती. एका बाकावर बसलेल्या, एकाच कॉयरमध्ये वाढलेल्या. ती नर्स झाली आणि हिंदुस्थानात निघाली. कोराने तिच्यासाठी ही चाल केली. कागदावर लिहिली नाही — स्टेशनवर, गाडी सुटेपर्यंत, तिला म्हणून दाखवली आणि तिच्याकडून म्हणवून घेतली. पुढे कुठे छापायला दिली नाही, कारण ती दिलेली वस्तू होती. काही वर्षांनी मैत्रिणीच्या घरच्यांना कळवलं गेलं की ती तापाने गेली. मुंबईच्या बाजूला कुठेतरी. बस, तेवढंच.

मला नाव ऐकायचं नव्हतं. मी अभ्रा पुन्हा हातात घेतला.

"मेबल," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा उंच होती. आवाज माझ्यापेक्षा चांगला."

मग म्हणाली, "शेवा, तुला काय वाटतं — तिथे तिच्यासाठी कुणी गायलं असेल का?"

बघा. यापेक्षा सरळ प्रश्न कुणी कुणाला विचारला असेल? आणि पृथ्वीच्या पाठीवर त्याचं उत्तर ठाऊक असलेली बाई तिच्यासमोर उभी होती. जिने मेबल बाईंची पेटी जाताना पाहिली होती, त्यांच्या कबरीवर झेंडूची फुलं ठेवली होती. मी फक्त हो म्हणायचं होतं. इंग्रजीत तो एकच शब्द आहे, आणि तो मला येत होता.

मी म्हटलं, मला काय ठाऊक? देश मोठा आहे.

ती म्हणाली, "हो. मोठा आहे." आणि पियानोचं झाकण लावलं.

घरी आले. रियाला आणलं, तिला पोळीचा लाडू दिला, भांडी घासली. सगळं केलं. आई खोटं बोलली होती, हे मला त्या दिवशी कळलं. मेबल बाईंच्या खोलीची फरशी पुसताना तिने ते ऐकलं असणार, रोज ऐकलं असणार. शब्द तिचे, चाल तिची नाही. मला आईचा राग आला का? नाही आला. मला कोराचा राग आला. हिच्याजवळ घर आहे, पियानो आहे, खणात अंथरायला शंभर चाली आहेत, आणि हीसुद्धा हिचीच? माझ्या आईची एक होती.

हे कारण झालं. कारण सांगायचं नाही असं ठरवून बसले होते. खोडून टाकत नाही, राहू दे. पण ते खरं धरू नका. खरं एवढंच, की तिला जे हवं होतं ते माझ्याजवळ होतं आणि मी दिलं नाही.

इथवर असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. माणूस दचकतं, खोटं बोलतं. दुसऱ्या दिवशी जाऊन सांगता येतं.

मी दुसऱ्या दिवशी काय केलं ते सांगते.

रिया शनिवारी माझ्याबरोबर कोराकडे यायची. सात वर्षांची होती. कोरा तिला पियानो शिकवायची. पोरीला त्याचं वेड लागलेलं. कोरा तिच्यासाठी बिस्किटांचा डबा भरून ठेवायची, आणि पोरगी दारातून आत शिरली की ही म्हातारी खुर्चीत सरळ बसायची. मी रियाची केसं विंचरताना येसाबाईचं गाणं म्हणायचे, रोज. पोरीला ते शब्दांसकट येत होतं. थांबण्यासकट. कधी ना कधी ती तिथे म्हणणार. तिला दमा आहे असं थोडंच सांगता आलं असतं?

मी रियाला सांगितलं, त्या आजींना बरं नाही, त्यांना मुलांचा त्रास होतो, तिकडे आता यायचं नाही. कोराला सांगितलं, पोरगी कंटाळली, तिला नको म्हणते.

कोराने मान हलवली. "म्हाताऱ्यांच्या घराला वास येतो," म्हणाली. "मलाही लहानपणी आवडायचा नाही."

बिस्किटांचा डबा तिने बरेच दिवस तसाच ठेवला. मग एकदा मला म्हणाली, घेऊन जा. मी नेला. रियाने खाल्ली बिस्किटं.

त्यानंतर दोन वर्षं मी रोज जात होते. रोज. तिची नखं कापली, पाय चोळले, तिला सूप भरवलं. हे चांगुलपणा म्हणून सांगत नाही. उलट वाईट आहे ते. ज्याला आपण रोज भरवतो त्याला आपण रोज उपाशी ठेवू शकतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. आणि खरं सांगू? मला ते दिवस अजून हवेसे वाटतात. सकाळ झाली की अजून पाय तिकडे निघतात. ती पियानोवर, मी इस्त्रीला, गॅसची शेगडी फुरफुरतेय, ती मधेच वळून म्हणतेय, "शेवा, ही नोट गोड झाली का जास्त?" मला नोट म्हणजे काय ते कळायचं नाही. मी म्हणायचे, साखर कमी घाला. असं माणूस मला आयुष्यात दुसरं मिळालं नाही. नवऱ्यातही नाही.

ती आणि मी मिळून ते गाणं म्हणू शकलो असतो. ती वाजवणार, मी मराठी शब्द म्हणणार. तिला मी अर्थ सांगितला असता. हे चित्र मी इतक्या वेळा बघितलंय की कधी कधी घडलंय असंच वाटतं. घडलेलं नाही.

दोन हजार पाच साली तिच्या छातीत पाणी झालं. हॉस्पिटलात नेलं. प्रीतीचा वॉर्ड वेगळा होता, पण तिने माझ्यासाठी भेटीच्या वेळा विचारून ठेवल्या होत्या. मी दुपारी जायचे. एके दिवशी कोरा जरा बरी होती. नाकात नळी, पण डोळे स्वच्छ. म्हणाली, ते म्हण. दम्याचं.

पलीकडे पडदा होता, बाजूच्या बाईला झोप लागली होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि म्हटलं. शब्द नाही, नुसती चाल. तिसऱ्या ओळीत थांबले. श्वास घेतला. पुढे म्हटलं.

ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "कुणीतरी चढ चढतंय असं वाटतं."

आणि डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

ती वाट बघत होती. मला कळलं होतं की ती वाट बघतेय. तिला किती समजलं होतं? सगळं? काहीच नाही? जन्मभर चाली बांधलेली बाई — तिच्या कानाला दमा आणि चढ यातला फरक कळला नसेल? मला ठाऊक नाही. तिने विचारलं नाही. अशी गोष्ट मागायची नसते, हे तिनेच सांगितलं होतं.

मी तिची चादर नीट केली. पाणी आणते म्हणाले आणि जग घेऊन बाहेर गेले. जग भरलेलाच होता.

बाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्ची होती, तिथे बसले. भेटीची वेळ संपली तेव्हा आत गेले, जग ठेवला, उद्या येते म्हटलं. ती म्हणाली, "हो." दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

तिला पुरलं नाही, जाळलं. क्रिमेटोरियमला मोजकी माणसं. अमेरिकेहून पुतण्याने फुलं पाठवली होती. कुणीतरी पाळक होता, त्याने तिला कधी बघितलं नसावं. तिचं नाव मात्र नीट उच्चारलं. गीत सीडीवर लावलं, सगळ्यांना येणारं. हिचं नव्हतं. मग त्याने विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का?

मी मागच्या रांगेत होते. सुहास माझ्याबरोबर आला होता. माझ्या घशात ते पूर्ण गाणं होतं, शब्दांसकट. उभं राहून म्हटलं असतं तर कुणी अडवणार होतं का? ज्या बाईने ते केलं तिच्यासाठी ते एकदा तरी म्हणायला नको होतं? आमच्या गावात चोर मेला तरी म्हणतात.

मी उठले नाही. सपाट जागा होती, गालिचा होता. पेटीपुढचा पडदा आपोआप सरकला.

गेल्या वर्षी मी गावी गेले होते. जाऊबाई वारल्या. त्यांना त्याच टेकाडावर नेलं. बाया गायला लागल्या, आणि बाभळीपाशी — बाभूळ आता नाही, खुंट आहे — सगळ्या थांबल्या. श्वास घेतला. मी तोंड हलवत होते, आवाज काढला नाही. वर मेबल बाईंची कबर आहे, तिच्यावर अक्षरं राहिलेली नाहीत. नाव गळून पडलंय.

खाली आल्यावर नवे पाळकसाहेब भेटले. तरुण आहेत, पुण्याला शिकलेले. जुन्या गीतांची माहिती गोळा करतात. मला खुर्ची दिली, चहा दिला, हातातला मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाले, "आजी, तुम्ही येसाबाईंच्या लेक. हे गीत कसं झालं ते तुमच्या तोंडून हवं."

आजूबाजूला बाया बसल्या होत्या. तीच चटई नव्हती, पण तशीच होती. कोरा मेली होती, आई मेली होती. आता कुणाचं काय जाणार होतं? चाल अमेरिकेतल्या एका बाईची, ती माझ्या शेजारी राहायची — एवढं बोलले असते तर तिचं नाव त्या मोबाईलमध्ये गेलं असतं.

मी म्हटलं, मेबल बाई गेल्या, त्यांना वर नेताना आईला चालता चालता सुचलं.

सगळ्यांनी माना हलवल्या. पाळकसाहेब म्हणाले, किती सुंदर.

परत आले तेव्हा रिया मला घ्यायला एअरपोर्टवर आली होती, बापाबरोबर. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे. शाळेच्या कॉयरमध्ये गाते, पण पियानोला हात लावत नाही. गाडीत कशावरून तरी जुन्या घराचं निघालं, आणि ती म्हणाली, "आजी, ती अमेरिकन आजी होती ना, तिला मी का नको झाला होता? मी काय केली होती?" तिचं मराठी असंच आहे.

मी म्हटलं, काही नाही गं, म्हातारी माणसं अशीच असतात.

म्हणजे तेही कोराच्याच माथी.

ती तुम्हाला भेटली असती तर आवडली असती. तिला सांगायचं वाक्य मी इंग्रजीत जुळवून ठेवलंय. जुळायला वेळ लागला नाही, शब्द सगळे दवाखान्यातलेच आहेत. मराठीत ते असं आहे: कोराबाई, मेबल बाईंना आम्ही गातच वर नेलं.